नौकेवरची तिसरी बॅटरी



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आले असेल की, ज्यांच्यापाशी नौका आहेत त्यांना हे सांगावे, आम्हाला कशाला? शंका रास्त आहे. परंतु ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे, ज्यांनी गच्चीवर सौर तावदाने बसवली आहेत, किंवा ज्यांच्या दारात विजेवर चालणारी दुचाकी उभी आहे, त्यांच्या मनात एक प्रश्न केव्हा ना केव्हा येतोच. आहे ती बॅटरी पुरत नाही, मग शेजारी आणखी एक जोडून टाकली तर काय बिघडले? घरात हा प्रश्न विचारण्यात फारशी जोखीम नाही. उत्तर चुकले तर पंखा थांबेल, फार तर दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावे लागेल. समुद्रात तसे नाही. किनाऱ्यापासून हजार मैलांवर मध्यरात्री वीज गेली तर बोलवायला कोणी नसते, आणि आग लागली तर घर सोडून रस्त्यावर पळताही येत नाही. म्हणून हा प्रश्न मी मुद्दाम नौकेवर नेऊन तपासणार आहे. तिथे प्रत्येक चुकीची किंमत चोख वसूल होते.

प्रथम नौका डोळ्यांसमोर आणा. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ स्पेनची कॅनरी बेटे आहेत. त्यांतील लास पाल्मास बंदरातून १९८६ पासून दर हिवाळ्याच्या तोंडावर शिडाच्या खासगी नौकांचा मोठा ताफा अटलांटिक ओलांडून पलीकडच्या वेस्ट इंडीज बेटांकडे निघतो. अलीकडे हा ताफा सेंट लुसिया या बेटावर पोहोचतो. अंतर सुमारे २,७०० सागरी मैल, आणि मध्यम आकाराच्या नौकेला सुमारे तीन आठवडे लागतात. यांतल्या कितीतरी नौकांवर माणसे दोनच असतात, बहुधा नवरा-बायको. अशीच एक बारा मीटर लांबीची नौका आपण कल्पनेने घेऊ. तिच्या पोटात १०० अँपिअर-तासांच्या दोन लिथियम बॅटऱ्या आहेत, आणि निघण्यापूर्वी तिसरी जोडावी असा त्या जोडप्याचा बेत आहे.

आता नौका जर वाऱ्यावर चालते, तर तिला विजेची एवढी निकड का? जोशुआ स्लोकम नावाचा खलाशी १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ नावाच्या लहानशा नौकेतून एकटा पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, तेव्हा त्याच्याजवळ रॉकेलचा दिवा होता आणि सुकाणू बांधून ठेवले तरी आपली दिशा न सोडणारी गुणी नौका होती. हे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही. आजच्या बहुतेक नौकांचे सुकाणू विजेच्या स्वयंचलित यंत्राकडे असते, कारण दोन माणसे तीन आठवडे रात्रंदिवस आळीपाळीने सुकाणू धरू लागली, तर चौथ्या दिवशी दोघेही झोपेने कोसळतील. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून आपल्या नौदलातील दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये, वाटेत चार बंदरे घेऊन, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. एकटा माणूस झोपतो तेव्हा नौका कोण हाकतो, या प्रश्नात आपल्या विषयाचे सारे गांभीर्य आले आहे. सुकाणूखेरीज डोलकाठीवरचा दिवा आहे, मोठ्या जहाजांना आपले अस्तित्व कळवणारे यंत्र आहे, रेडिओ आहे, आणि अन्न टिकवणारे शीतकपाटही आहे.

या सर्वांचा खर्च मांडू. सरासरी १० अँपिअर प्रवाह सतत लागतो असे धरा, म्हणजे दिवसाचे २४० अँपिअर-तास झाले. ‘अँपिअर-तास’ या शब्दाने बिचकू नये. नळातून पाणी किती जोराने वाहते ते अँपिअर, आणि तासभरात बादलीत किती साठले ते अँपिअर-तास. टाकीतील पाण्याची उंची, ज्यामुळे पाणी ढकलले जाते, ते व्होल्ट. एवढ्या भांडवलावर आपल्याला पुढचा सगळा व्यवहार करता येईल. सौर तावदानांतून दिवसाला शंभरेक अँपिअर-तास मिळतात. उरलेले १४० इंजिन चालवून, त्याला जोडलेल्या ऑल्टरनेटरमधून भरून काढायचे. एखादा दिवस ढगाळ गेला आणि संध्याकाळी बॅटऱ्यांत १२० अँपिअर-तासच शिल्लक राहिले, तर तेरा तासांच्या रात्रीला लागतात १३०. म्हणजे उजाडण्यापूर्वी तासभर, ऐन काळोखात, सुकाणू सुटणार. तिसरी बॅटरी हवी ती यासाठी.

येथेच एक गैरसमज दूर करतो. कणगी मोठी केली म्हणून शेत जास्त पिकत नाही. तिसऱ्या बॅटरीने २४० चा खर्च कमी होत नाही आणि १०० ची सूर्यकमाईही वाढत नाही, म्हणून इंजिनाचे एकूण तास जवळजवळ तेवढेच राहतात. फरक पडतो तो उसंतीत. भरलेल्या दोन बॅटऱ्यांवर नौका वीस तास काढील, तीनांवर तीस. रोज इंजिन लावण्याऐवजी दिवसाआड लावून चालेल, आणि एक रात्र हाताशी जास्त राहील. ज्यांची तूट रोजचीच आणि मोठी आहे, त्यांनी आधी तावदान वाढवावे किंवा शीतकपाट बंद करावे. तोट्यातल्या दुकानाला मोठी तिजोरी घेऊन देण्यात काय अर्थ आहे?

आता या लिथियम बॅटरीचा स्वभाव पाहू, कारण पुढच्या साऱ्या अडचणी तिच्या स्वभावातूनच येतात. शिसे आणि तेजाब यांची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते याने १८५९ मध्ये केली, आणि शंभरावर वर्षे मोटारीपासून नौकेपर्यंत तिचे राज्य चालले. लिथियमच्या अनेक जाती आहेत. नौकांवर बहुतेक वापरतात ती लोह-फॉस्फेटची. ही १९९७ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातून जगापुढे आली. तो शोधनिबंध तिघांचा होता, पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ. तिघांतली दोन नावे भारतीय आहेत, हे सांगताना थोडा अभिमान वाटला तर आपण क्षमा कराल. गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. या जातीचा मोठा गुण असा की तिच्यातील प्राणवायू फॉस्फरसाशी घट्ट बांधलेला असतो. त्यामुळे तापली तरी तो सहजासहजी सुटत नाही, आणि इतर जातींच्या मानाने ही शांत डोक्याची आहे. शांत म्हणजे अग्निरोधक नव्हे, हे मात्र लक्षात असू द्या. लिथियम बॅटऱ्यांवर चालणाऱ्या ‘इटरोयनिंगेन’ या नॉर्वेच्या तरीच्या बॅटरीखोलीत ऑक्टोबर २०१९ मध्ये आग लागली, आणि दुसऱ्या दिवशी तेथे साठलेल्या वायूंचा स्फोट झाला. दुसरीकडे, केरळात वैक्कम येथे २०१७ मध्ये सुरू झालेली ‘आदित्य’ ही ७५ उतारूंची सौर बोटही लिथियम बॅटऱ्यांवरच चालते. भय आणि भरवसा दोन्ही योग्य मापाने ठेवावीत, एवढाच याचा अर्थ.

लोह-फॉस्फेटच्या एका घटाचा दाब सुमारे ३.२ व्होल्ट असतो. असे चार एकापुढे एक, म्हणजे एकसर जोडले की १२.८ व्होल्टची बॅटरी होते. प्रत्येक बॅटरीच्या पेटीत एक इलेक्ट्रॉनिक मंडल बसवलेले असते. त्याचे कारखानी नाव बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, पण आपण त्याला पहारेकरी म्हणू. कोणताही घट फार भरला, फार रिता झाला, फार तापला, किंवा ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला की हा पहारेकरी दार लावून घेतो. बॅटरी वाचते, परंतु बाहेरच्या जगाच्या दृष्टीने ती त्या क्षणी नाहीशी होते. शिशाची बॅटरी मरताना आधी खोकते. दिवे पिवळे पडतात, पंखा रेंगाळतो, घरच्या माणसांना सूचना मिळते. लिथियमची बॅटरी शेवटपर्यंत ताठ उभी असते आणि मग एकदम अंधार. दार लावण्यापूर्वी पहारेकऱ्याने घंटा वाजवून किंवा दिवा लावून इशारा द्यावा, अशी अपेक्षा अमेरिकेतील नौकाबांधणीच्या २०२२ च्या लिथियम-संहितेत मुद्दाम घातली गेली, ती यासाठीच. बॅटरी घेताना हा इशारा मिळतो की नाही हे विचारावे. स्वस्त बॅटऱ्यांत तो पुष्कळदा नसतो.

तिसरी बॅटरी जोडायची ती समांतर, म्हणजे धन टोकाला धन आणि ऋणाला ऋण. येथे घरचा अनुभव असलेला श्रोता म्हणेल, “अहो, जुन्या बॅटरीशेजारी नवी लावू नये, दोन्ही एकदम बदलाव्यात, असे आमचा इलेक्ट्रिशियन सांगतो.” तो खोटे सांगत नाही. शिशाच्या बाबतीत ते खरे आहे. जुनी शिशाची बॅटरी स्वतःशीच झिरपत असते, आणि समांतर जोडली की शेजारणीलाही रात्रंदिवस शोषते. लिथियममध्ये हे झिरपणे अगदी थोडे असते. १०० ची जुनी बॅटरी ८५ ची झाली असेल, तर ती ८५ चा वाटा उचलते, नवी १०० चा, आणि दोघींचे बऱ्यापैकी जमते. म्हणजे वयाचे अंतर हा मोठा अडसर नाही. अडसर आहे तो जातीचा, आणि जोडण्याच्या क्षणी दोघींच्या पोटात किती आहे याचा. लोह-फॉस्फेटशेजारी दुसऱ्या जातीची लिथियम बॅटरी कदापि जोडू नये, कारण त्यांचे दाबच निराळे. शिसे आणि लिथियम एकत्र नांदवणारे काही हौशी आहेत, पण मी त्यांच्या वाटेला जाणार नाही. किती बॅटऱ्या समांतर चालतील हे कारखान्याच्या पत्रकात लिहिलेले असते. कुठे चार म्हणतात, कुठे एकही नाही. जिथे ‘नाही’ म्हटले आहे तिथे व्याख्यान ऐकून धाडस करू नये.

पोटात किती आहे, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. दोन टाक्या तळाशी नळीने जोडल्या की दोहोंतील पाणी एका पातळीला येते, हे मुलांनाही ठाऊक असते. बॅटऱ्यांतही तेच होते, पातळीच्या जागी दाब. शिशाची बॅटरी सरळ पिंपासारखी आहे. पाणी उतरले तशी पातळी उतरते, आणि पातळी मोजून साठा सांगता येतो. लिथियमची बॅटरी मात्र एखाद्या उथळ, ऐसपैस तळ्यासारखी. तळाशी अरुंद विहीर, वर अरुंद धुराडे, आणि मध्ये सारा पसारा. शेकडा ९० पासून शेकडा २० पर्यंत साठा उतरतो, तरी स्थिर असताना दाब सुमारे १३.३ वरून १३ व्होल्टच्या आसपासच येतो. एका बॅटरीत शेकडा ८० असेल आणि दुसरीत ४०, तरी साध्या मीटरवर दोघी जुळ्या बहिणी वाटतील. पातळीतला फरक इतका थोडा की, जोडल्यावरही पाणी इकडून तिकडे फार हळू सरकते. याने आग लागत नाही, पण आपण समजतो तेवढा साठा तिथे नसतो.

टोकांना परिस्थिती उलट. नुकतीच चार्जरवरून काढलेली बॅटरी १४.४ व्होल्टवर आहे, आणि दुसरी जवळजवळ रिती, १२ व्होल्टवर. फरक २.४ व्होल्टचा. बॅटऱ्या आणि तारा मिळून वाटेतला रोध १० मिलिओहम धरा, म्हणजे एका ओहमचा शंभरावा भाग. भागाकार केला की पहिल्या क्षणी २४० अँपिअर वाहू पाहतील. शंभर अँपिअरला दार लावणारा पहारेकरी ताबडतोब दार लावील, आणि जोडणाऱ्याच्या पान्याखाली ठिणगी उडेल ती निराळीच. नवी बॅटरी कारखान्यातून भरून येत नाही. विमानाने सुटी पाठवायची असेल तर तिचा भरणा शेकडा ३० हून अधिक नसावा असा २०१६ पासून नियमच आहे. म्हणून घाई न करता जुन्या दोन्ही बॅटऱ्या सोडवाव्यात, तिघींना लिथियमच्या चार्जरने एकेक करून, सुमारे १४.२ ते १४.४ व्होल्टपर्यंत, प्रवाह अगदी कमी होईतो भरावे, थोडा वेळ स्वस्थ ठेवावे, आणि दाब जुळतो हे पाहून मगच जोडावे. तळ्याच्या उपमेत, तिघींचे पाणी धुराड्यात चढवून ठेवावे, म्हणजे पातळीला अर्थ येतो. या भरण्यात आणखी एक गोष्ट साधते. चार घटांतील जो मागे राहिला असेल त्याला गाठून घेण्याची संधी पहारेकऱ्याला भरत आल्यावरच मिळते. जुन्या बॅटरीतला एखादा घट इतरांच्या फार पुढे पळत असेल, तर तो याच वेळी भरण्याआधी दार लावून आपले दुखणे उघड करील. तसे झाले तर ती बॅटरी दुरुस्त केल्याशिवाय नव्या संसारात घेऊ नये.

आता तारांकडे येऊ. माझ्या मते सर्वांत जास्त चुका येथे होतात, आणि त्या करणारा माणूस निष्काळजी असतोच असे नाही. तो शिशाच्या काळातला अनुभवी कारागीर असतो. तीन बॅटऱ्या रांगेत ठेवल्या, धनाला धन आणि ऋणाला ऋण आखूड तारांनी जोडले, आणि नौकेला जाणाऱ्या दोन्ही मुख्य तारा सोयीसाठी पहिल्याच बॅटरीवर कसल्या. दिसायला नीटनेटके, पण हिशेब करून पाहा. प्रत्येक बॅटरीचा अंतर्गत रोध ४ मिलिओहम आणि मधल्या प्रत्येक तारेचा, तिच्या टोकांच्या लगांसह, १ मिलिओहम धरू. नौकेने १०० अँपिअर मागितले, तर पहिली बॅटरी देते ५२, दुसरी २९ आणि तिसरी १९. ज्या तिसरीसाठी पैसे मोजले ती पाचवा हिस्साही उचलत नाही, आणि पहिलीच्या पाठीवर निम्म्याहून अधिक ओझे! हीच मांडणी शिशाच्या, २० मिलिओहम रोधाच्या बॅटऱ्यांत केली असती, तर वाटणी ३८, ३२ आणि २९ अशी झाली असती, आणि आयुष्यभर कोणाच्या लक्षात आले नसते. बॅटरीचा स्वतःचा रोध मोठा होता तोवर तारेचा दोष त्याच्या पोटात खपून जाई. बॅटरी सुधारली आणि तार उघडी पडली.

उपाय दोन आहेत. मुख्य धन तार पहिल्या बॅटरीवर आणि मुख्य ऋण तार शेवटच्या बॅटरीवर, अशी तिरपी घ्यावी. दोन बॅटऱ्यांत याने वाटणी अगदी समान होते. तीनांत मात्र मधली थोडी मागे राहते, वरच्याच आकड्यांनी ३६, २९ आणि ३६ च्या आसपास. अधिक चांगला उपाय म्हणजे तांब्याच्या दोन जाड पट्ट्या, एक धनाची, एक ऋणाची, बसवून प्रत्येक बॅटरीपासून तिथवर सारख्याच लांबीच्या आणि सारख्याच जाडीच्या तारा नेणे. पट्टीशेजारच्या बॅटरीची तार उगीच लांब दिसते, कारागिराला ती कापण्याचा मोह होतो, पण कापू देऊ नये. पंक्तीत शेवटच्या पानालाही तेवढीच जिलबी मिळावी, एवढाच तिचा हेतू आहे. नौकेवर तार कलई केलेल्या तांब्याची घ्यावी आणि लग योग्य यंत्राने दाबून बसवावेत, कारण खाऱ्या हवेत हिरवा पडलेला एकच जोड रोध वाढवून सगळी वाटणी बिघडवतो.

वाटणी बिघडली तर बिघडली, वीज तर मिळते ना, असे कोणी म्हणेल. त्याने पुढचा प्रसंग पाहावा. प्रत्येक पहारेकऱ्याची मर्यादा १०० अँपिअर आहे, तेव्हा तीन मिळून ३०० मिळणार असे मालक धरून चालतो. रात्री एका माणसाने इन्व्हर्टरवर चहाचे पाणी ठेवले, आणि त्याच वेळी दुसऱ्याने शीड आवळायचे विजेचे चाक लावले, मिळून २०० अँपिअर. चुकीच्या जोडणीत पहिल्या बॅटरीवर येतात १०४. ती काही क्षणांत दार लावते. आता दोनशेच्या दोनशे उरलेल्या दोघींवर पडले, त्यांत दुसरीच्या वाट्याला १२०. तीही गेली. तिसरीवर एकटीवर २०० येतात, मग तिची काय कथा! पत्त्यांचा बंगला कोसळावा तसे तीनही गेल्या, आणि त्यांच्याबरोबर सुकाणू, दिवे आणि रेडिओ. बॅटऱ्या भरलेल्या, निर्दोष, आणि नौका काळोखात वाऱ्याला आडवी. म्हणून मी म्हणतो, तिसरी बॅटरी आणली म्हणजे प्रवाहाची मर्यादा तिप्पट झाली असे समजू नये. एक बॅटरी गेली तरी उरलेल्यांना पेलेल एवढाच भार एका वेळी टाकावा. आपल्या उदाहरणात दोनशेच्याही बऱ्याच खाली. आणि चहाचे पाणी गॅसवर ठेवावे हे उत्तम.

फ्यूजविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण तो आगीचा प्रश्न आहे. बॅटरी वाढली की मुख्य फ्यूजही मोठा करावा अशी समजूत आहे, ती धोक्याची आहे. फ्यूज राखतो तो तारेला. तार तीच असेल तर फ्यूजचा आकडाही तोच राहिला पाहिजे. बदलते ती दुसरीच गोष्ट. धन आणि ऋण चुकून भिडले तर आपल्या ४ मिलिओहमच्या हिशेबाने एक बॅटरी ३,३०० अँपिअर देईल, दोन ६,६००, तीन ९,९००. प्रत्यक्षात तारांच्या रोधाने आकडा काही कमी होईल, परंतु भीषणपणा कमी होत नाही. असा लोंढा तोडायचा म्हणजे फ्यूजची पट्टी वितळून भागत नाही. वितळल्यावर मधल्या फटीतून ठिणगीची कमान वाहत राहिली तर फ्यूज असून नसल्यासारखा. पुष्कळ साध्या पट्टी-फ्यूजांची तोडण्याची ताकद ६,००० अँपिअरच्या आसपास असते. टी-वर्गाचे म्हणून जे फ्यूज मिळतात ते २०,००० पर्यंत तोडतात. कालपर्यंत जो फ्यूज कसाबसा पुरला असता तो तिसरी बॅटरी आल्यावर पुरत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नाही. पहारेकरी आहे ना, असे म्हणू नये. त्याची इलेक्ट्रॉनिक दारे जळली तर कित्येकदा उघड्या स्थितीतच जळतात.

दुसरे असे की, एकाच बॅटरीत किंवा तिच्या तारेत दोष निर्माण झाला तर मुख्य फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. शेजारच्या दोघी तिसरीत प्रवाह ओततात, आणि तो मुख्य फ्यूजमधून जातच नाही. म्हणून प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाशी तिचा स्वतंत्र फ्यूज हवा. एका बॅटरीच्या नौकेला हा नियम नकोसा वाटेल, पण समांतर कुटुंबात तो टाळता येत नाही. खर्च वाढतो, हे खरे. बॅटरीच्या किमतीत फ्यूज, पट्ट्या आणि तारा धरूनच निघावे.

इंजिनाला जोडलेल्या ऑल्टरनेटरची गोष्ट थोडक्यात सांगतो. शिशाची बॅटरी भरत आली की स्वतःच ‘पुरे’ म्हणू लागते. लिथियम तसे म्हणत नाही, देईल तेवढे शेवटपर्यंत घेते. तिघी अर्ध्या रित्या असल्या तर १५० अँपिअर-तास भरायचे. ७० अँपिअरने दोन तासांहून अधिक काळ ऑल्टरनेटर पूर्ण ताकदीने राबणार, तोही इंजिन हळू चालवलेले असताना, जेव्हा त्याचा स्वतःचा पंखा मंद फिरतो. मोटारीसाठी केलेला ऑल्टरनेटर अशा मजुरीत जळतो. तापमान पाहून प्रवाह कमी करणारा बाहेरचा नियामक तरी लावावा, किंवा इंजिन सुरू करण्याची शिशाची बॅटरी वेगळी ठेवून, तिच्यातून ठरावीक ३० अँपिअरच लिथियमकडे सोडणारा चार्जर मध्ये बसवावा. भरताना सगळ्या पहारेकऱ्यांनी एकदम दार लावले, तर ऑल्टरनेटरच्या प्रवाहाला जायला जागा उरत नाही, दाब क्षणभर उसळतो आणि त्याचे डायोड व नौकेवरची नाजूक यंत्रे जातात. याबाबतीत तिसऱ्या बॅटरीचा फायदाच आहे. एक रुसली तरी दोघी प्रवाह झेलायला असतात. नव्या बॅटरीबद्दल सगळे वाईटच बोललो असे होऊ नये, म्हणून हे आवर्जून सांगितले.

राहिला साठा सांगणारा मापक. दाबावरून लिथियमचा साठा कळत नाही हे आपण पाहिले. म्हणून नौकांवर ऋण तारेत एक मोजपट्टी बसवून आत-बाहेर गेलेले अँपिअर-तास मोजतात, अगदी वाण्याच्या खातेवहीसारखे. नव्या बॅटरीची ऋण तार या मोजपट्टीच्या बॅटरीकडील बाजूलाच जोडली पाहिजे. घाईत ती पलीकडे जोडली गेली, तर तिसऱ्या बॅटरीची देवघेव वहीत चढतच नाही. तसेच मापकाला एकूण साठा २०० ऐवजी ३०० झाला हे सांगावे लागते, नाहीतर तो जुन्याच भांडवलावर टक्केवारी काढत बसतो. वही एकदा चुकली की रोज चुकते. दर काही दिवसांनी तिघींना पूर्ण भरून मापकाला ‘आता शंभर’ म्हणू द्यावे.

जागा आणि थंडी यांविषयी एकेक वाक्य. बॅटरी इंजिनाच्या उष्ण खोलीत ठेवू नये, आणि नौका उलथीपालथी झाली तरी हलणार नाही अशी पट्ट्यांनी बांधावी. पाणी गोठण्याइतकी थंडी असेल तर लिथियमची बॅटरी भरू नये, कारण त्या थंडीत लिथियमचे आतल्या आत पुट चढते आणि घट कायमचा बिघडतो. अटलांटिकच्या उष्ण वाटेवर दुसरी भीती नाही, नॉर्वेच्या किनाऱ्यावर आहे.

हे सारे झाल्यावरही नौका लगेच हाकारू नये. बंदरात धक्क्याला बांधलेली असतानाच इन्व्हर्टरवर मोठा भार टाकून, टाँग टेस्टर एकेका बॅटरीच्या तारेभोवती धरून तीन आकडे कागदावर लिहावेत. तिन्हींत फार फरक दिसला तर ढिला लग शोधावा. अर्ध्या तासाने प्रत्येक जोडाला, वीज बंद करून, हात लावून पाहावा. इतरांहून जो गरम तो दोषी. मग सुकाणूचे यंत्र, दिवे, रेडिओ सगळे चालू ठेवून मुद्दाम एक बॅटरी सोडवावी, आणि नौकेवर काय काय बंद पडते ते पाहावे. काहीच बंद पडले नाही तर दुसरी सोडवून पाहावे. सोडवलेल्या बॅटऱ्या परत जोडण्यापूर्वी तिघींना पुन्हा पूर्ण भरून दाब जुळवून घ्यावा, हे विसरू नये. आणि शेवटी एक संपूर्ण रात्र, संध्याकाळपासून उजाडेपर्यंत, चार्जर आणि इंजिन दोन्ही बंद ठेवून नौकेचा नेहमीचा खर्च चालू द्यावा, दर दोन तासांनी मापकाचा आकडा लिहावा, आणि सकाळी तो आपल्या १३० च्या अंदाजाशी ताडून पाहावा.